‘आवाज येत नाही’ म्हणजे नक्की काय? मीटिंग रूमची जबाबदारी घेणाऱ्या नवोदितांसाठी

इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा करून मी हिंजवडीतील एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टमध्ये रुजू झालो, तेव्हा माझे काम लॅपटॉप, प्रिंटर आणि पासवर्ड यांच्यापुरतेच होते. करोनाच्या काळानंतर निम्मी माणसे कार्यालयात आणि निम्मी घरून काम करू लागली. मग मीटिंग रूममधील कॅमेरा, माईक आणि पडदा यांवाचून कोणाचेच पान हलेना आणि आमच्या इमारतीतील बावीस खोल्यांची जबाबदारी माझ्याकडे आली. या कामाचे वेगळे शिक्षण मला कोणी दिले नव्हते. आता जी मुले-मुली या कामात येत आहेत, त्यांना निदान पहिले सहा महिने चाचपडावे लागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली सवय लावून घ्यावी ती तक्रार नीट ऐकण्याची. ‘आवाज येत नाही’ असे तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, आले की आपण थेट स्पीकरकडे धाव घेतो. पण या तीन शब्दांत किमान चार वेगळे बिघाड दडलेले असतात: आपल्याला समोरच्यांचा आवाज येत नाही, समोरच्यांना आपला जात नाही, आवाज जातो पण तुटतो, किंवा एकाच व्यक्तीचा जात नाही आणि बाकी सगळ्यांचा व्यवस्थित जातो. म्हणून खोलीत शिरल्यावर यंत्राला हात लावण्याआधी ‘कोणाला ऐकू येत नाही आणि कोणाचे?’ एवढे विचारावे. शोधाची दिशा याच उत्तरावर ठरते.

हे मला एका प्रसंगाने शिकवले. लंडनच्या ग्राहकाबरोबरची साप्ताहिक बैठक सुरू होती आणि आमच्या मॅनेजर मॅडम बोलू लागल्या की त्यांचाच आवाज क्षणभराने घुमून परत त्यांना ऐकू येत होता. मी अर्धा तास आमच्याच खोलीतला माईक बदलला, स्पीकर बदलला, सगळी यंत्रणा रीस्टार्ट केली, फरक शून्य. अखेरीस आमच्या टीममधल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला बोलावले. दादांनी दारातच विचारले, “घुमणारा आवाज कोणाला ऐकू येतोय? आपल्यालाच ना? मग बिघाड आपल्या खोलीत नाही, तिकडे आहे.” आपला आवाज तिकडच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिकडच्या माईकमध्ये शिरतो आणि फिरून आपल्याकडे येतो, हे त्यांनी फळ्यावर दोन चौकोन आणि एक बाण काढून दाखवले. मग आम्ही तिकडच्या सहभागींना एकेक करून म्यूट केले. तिसऱ्या नावाला आवाज घुमणे थांबले. त्यांच्या टेबलावर एका व्यक्तीने खोलीच्या यंत्रणेखेरीज स्वतःचा लॅपटॉपही त्याच मीटिंगला जोडून ठेवला होता आणि त्याचा माईक व स्पीकर दोन्ही चालू होते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खोलीतील यंत्रणेला आपण स्वतःच्या स्पीकरला कोणता आवाज पाठवला हे ठाऊक असते, म्हणून माईकमध्ये तोच आवाज परत आला की ती तो वजा करते. शेजारच्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून काय बाहेर पडते आहे, याची मात्र तिला कल्पना नसते, त्यामुळे ते वजा करणे तिला जमत नाही. उलट परिस्थितीत, म्हणजे समोरचे लोक ‘आमचाच आवाज आम्हाला ऐकू येतो’ म्हणाले, तर दोष आपल्या खोलीत शोधावा: आधी टेबलावरचे उघडे लॅपटॉप, मग स्पीकरचा आवाज वाजवीपेक्षा मोठा आहे का, आणि शेवटी काचेच्या भिंती. सगळ्या भिंती काचेच्या असलेल्या खोलीत पडदे किंवा गालिचा नसेल, तर महागडा माईकही कमी पडतो. ही गोष्ट खोली बांधण्याचे कंत्राट देण्याआधीच प्रशासन विभागाला सांगावी.

केबलचा विषय क्षुल्लक वाटतो. माझा सर्वाधिक वेळ मात्र तिथेच गेला आहे. साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते आणि यूएसबी ३.० तर साधारण ३ मीटरपर्यंतच. आमच्या एका लांबलचक बोर्डरूममध्ये टीव्हीखालचा कॅमेरा टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आणण्यासाठी तीन एक्स्टेन्शन केबल एकीला एक जोडल्या होत्या. सकाळी तपासताना कॅमेरा चालायचा आणि भर बैठकीत नाहीसा व्हायचा. ड्रायव्हर (कॅमेरा चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा टाकून, कॅमेरा बदलूनही तेच. एक दिवस मी गालिच्याची कड उचलून केबल हाताने मापत गेलो, तेव्हा ती अकरा मीटर भरली. त्या जागी कॅट-६ या नेटवर्क केबलवर चालणारा यूएसबी एक्स्टेन्डर (यूएसबीचे अंतर वाढवणारे यंत्र) बसवल्यावर तक्रार कायमची थांबली.

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ दिसत असेल, तर टीव्हीचा सोर्स, लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून निवडलेला पर्याय, आणि केबलची दोन्ही टोके याच क्रमाने पाहावे. जमिनीतील फ्लोअर बॉक्समधला एचडीएमआय पोर्ट पायांचे धक्के आणि केबलची ओढाताण यांमुळे लवकर सैल होतो. बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल आणि पोर्ट दोन्ही एकदम बदलले, तर दोषी कोण ते कळत नाही आणि खराब केबल पुन्हा कपाटात जाऊन पुढच्या महिन्यात दुसऱ्या खोलीत उगवते.

कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे पट्टे वरखाली सरकताना दिसले, तर कॅमेरा बिघडला असे समजू नये. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि कॅमेऱ्याचे सेटिंग कधीकधी ६० हर्ट्झवर असते. ते ५० वर आणले की दिव्यांच्या लुकलुकीमुळे उमटणारे हे पट्टे बहुधा थांबतात.

नेटवर्कच्या बाबतीत इंटरनेटचा वेग मोजून समाधान मानू नये. वेग २०० एमबीपीएस दिसत असूनही आवाज तुटू शकतो, कारण आवाजाला फार वेग लागत नाही, सातत्य लागते. पॅकेट लॉस (वाटेत हरवणाऱ्या डेटाचे प्रमाण) १ टक्क्याच्या आणि जिटर (डेटा पोहोचण्याच्या वेळेतील चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत असावा. आवाज आणि चित्रासाठी टीम्स हे मीटिंगचे अॅप यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीचे ३४७८ ते ३४८१ आणि झूम मुख्यतः ८८०१ ते ८८१० हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील क्रमांकित वाटा, वापरते. फायरवॉलने (नेटवर्कची ये-जा तपासणाऱ्या सुरक्षा यंत्रणेने) ते अडवले तर मीटिंगमध्ये शिरता येते, चॅटही चालते, पण आवाज आणि चित्र आडवाटेने येते आणि अडखळते. टेबलावरचे टच पॅनल बंद असेल तर त्याला वीज बहुतेक वेळा नेटवर्क केबलमधूनच मिळते हे लक्षात ठेवावे. ती केबल साध्या, म्हणजे केबलमधून वीज न देणाऱ्या, नेटवर्क स्विचमध्ये लागली असेल तर पॅनल उजळणारच नाही. आणि यंत्राचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही. जागांची हलवाहलव झाल्यावर केबल भलत्या पोर्टात गेली आहे का, ते आधी पाहावे.

सॉफ्टवेअरच्या तक्रारींत मला सर्वांत जास्त छळले ते ‘जॉइन’ बटण न दिसण्याने. आपल्या सहकाऱ्याने बोलावलेली बैठक खोलीच्या पॅनलवर दिसते, ग्राहकाने बोलावलेली दिसत नाही. यात पॅनलचा काही दोष नसतो. खोलीला स्वतःचे मेल खाते असते आणि मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल यंत्रणेत ते बाहेरच्या संस्थेतून आलेली निमंत्रणे मुळात स्वीकारतच नाही. ‘प्रोसेस एक्स्टर्नल मीटिंग मेसेजेस’ ही मुभा मेल प्रशासकाकडून चालू करून घ्यावी लागते. त्याच खात्याच्या पासवर्डला मुदत असेल, तर एखाद्या सोमवारी सकाळी खोल्या साइन आउट झालेल्या सापडतात, म्हणून त्या खात्यांची वेगळी व्यवस्था आधीच करून ठेवावी.

मॅकबुकवरून स्क्रीन शेअर केल्यावर समोरच्यांना केवळ वॉलपेपर दिसत असेल, तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी आणि अॅप बंद करून पुन्हा उघडावे. ‘मला काहीच ऐकू येत नाही’ म्हणणाऱ्याच्या बॅगेत ब्लूटूथ हेडफोन चालू आहेत का, हेही विचारावे. हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

बैठक सुरू असताना माझा नियम असा आहे की तीन मिनिटांत कारण सापडले नाही, तर शोध थांबवायचा. खोलीची यंत्रणा म्यूट करून एका लॅपटॉपवर किंवा फोनवर बैठक पुढे चालू करून द्यावी, कारण दहा माणसांचा वेळ आपल्या कुतूहलापेक्षा मोलाचा आहे. पण यंत्रणा रीस्टार्ट करण्याआधी पडद्यावरील संदेशाचा मोबाइलने फोटो जरूर काढावा, एरवी बिघाडाचा पुरावाच पुसला जातो.

एका खोलीतील यंत्रणा रोज सकाळी बंद आढळायची. हाऊसकीपिंगच्या मावशींशी बोललो, तेव्हा कळले की व्हॅक्यूम क्लीनर लावायला तेवढाच एक सॉकेट होता, म्हणून त्या यंत्रणेचा प्लग काढत. त्यांना दोष देण्यासारखे त्यात काहीच नव्हते. इलेक्ट्रिशियनकडून शेजारी एक सॉकेट वाढवून घेतला आणि आपल्या प्लगला लाल टेप लावली. त्यानंतर खोलीत काहीही वेगळे दिसले की मावशी स्वतःहून सांगू लागल्या.

प्रत्येक खोलीसाठी माझ्या वहीत एक पान आहे. आठवड्यातून एकदा सकाळी साडेआठला, बैठका सुरू होण्याआधी, मी प्रत्येक खोलीतून एका सहकाऱ्याला कॉल लावतो, टेबलाभोवतीच्या प्रत्येक खुर्चीवर बसून एक ते दहा अंक म्हणतो आणि कोणता अंक अस्पष्ट आला ते त्याच्याकडून विचारून घेतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत दाराजवळच्या दोन खुर्च्यांचा आवाज अजूनही पुसट जातो. तिथे आणखी एक माईक लागेल, अशी नोंद त्या पानावर आहे.