आजोबांची पॉइंट टू-टू: लायनर टाकायचा की बॅरलच बदलायचं?

जुन्या .२२ रायफलीच्या गोळ्या टार्गेटवर कुठेही पडायला लागल्या की लोक लगेच "बॅरल (म्हणजे नळी) गेलं" म्हणून मोकळे होतात. अहो, .२२ ची गोळी मऊ शिशाची, तिने नळी झिजायला कैक वर्षं लागतात, खरा घात करतो तो गंज आणि नळीच्या तोंडाकडून घातलेला क्लीनिंग रॉड. आमच्या आजोबांची रायफल गिरगावात कापडी कव्हरमध्ये चार पावसाळे पडून होती, मग काय होणार.

तर आधी रायफल रिकामी आहे ना बघा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढा, चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या बाजूने, सॉल्व्हंट घालून रात्रभर ठेवा आणि ब्रॉन्झचा ब्रश मारा. आमच्या नळीतून शिशाचे चंदेरी पापुद्रे निघाले आणि अर्धा आजार तिथेच बरा झाला. मग कान साफ करायचा कापसाचा बड नळीच्या तोंडाच्या कडेवर आतून बाहेर ओढा, धागा अडकला तर क्राउन, म्हणजे ती कड, खराब, तेवढाच नव्याने कापून भागतं. घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) नळीतून ढकलताना मध्येच सैल पडला तर तिथे नळी फुगलीय.

एवढं करूनही २५ मीटरवर कागदाला लांबट भोकं पडत असतील, म्हणजे गोळी आडवी जातेय, तर रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या आतल्या खाचा) धरत नाहीये. आता लायनर किंवा नवं बॅरल.

लायनर म्हणजे जुनी नळी आतून ड्रिल करून त्यात रायफलिंग असलेली पातळ नळी इपॉक्सीने किंवा सोल्डरने बसवायची, मग चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टरची (रिकामी केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) खाच नव्याने कापायची. बाहेरचे शिक्के, साइट्स, नंबर सगळं जागच्या जागी राहतं, म्हणून माझं मत लायनरलाच. बॅरलला तडा असेल किंवा चेंबरपाशी फुगवटा असेल तर मात्र बदलाच, तिथे हट्ट नको.

आणि हो, हे घरी करायचं काम नाही. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ मध्ये सुटे भागही शस्त्रातच धरलेत, रिपेअर करणाऱ्यालाही लायसन्स लागतं. कित्येक जुन्या रायफलींचा नंबर बॅरलवरच असतो, बॅरल बदललं की तो लायसन्सवरच्या नंबरशी जुळणार नाही, त्यामुळे काम देण्याआधीच लायसन्सिंग ऑफिसला विचारा आणि गनस्मिथकडून नंबर लिहिलेली पावती घ्या.

परत आली की पहिल्या पाच-सहा काडतुसांच्या रिकाम्या केस उचलून नीट बघा, फुगलेली किंवा फाटलेली दिसली तर चेंबर चुकलंय, तिथेच थांबा आणि रायफल परत द्या.