घुबडाचे पंख आणि आतला स्वेटर : हॅलोविनच्या पोशाखाची तयारी

गेल्या वर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मुलं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात त्या हॅलोविनच्या रात्री, न्यू जर्सीत आमच्या घरासमोर मी दोन तास काळा कोट घालून उभी होते. कोटाच्या आत दीड महिना खपून शिवलेलं घुबड होतं आणि ते कुणालाही दिसलं नाही. माप घेतलं होतं सप्टेंबरच्या सुरुवातीला, अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर. मुंढे अंगाबरोबर, छातीला जराही सैलपणा नाही. अंधार पडला, थंडी वाजायला लागली, पण आत स्वेटर जाईना. मग वरून कोट, आणि कोटाखाली पंख चुरगळलेले. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते : माप गरम कपड्यांवर घ्या.

कोण व्हायचं ते ऑगस्टअखेरपर्यंत ठरवून टाका. मोठ्या माणसाच्या पोशाखात चालता यायला हवं, गाडीत बसता यायला हवं, चॉकलेटांचं टोपलं धरायला हात मोकळे हवेत. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी बुजगावणं करावं. जुना चौकड्यांचा शर्ट, ढगळ पँट, बाह्यांच्या टोकांना राफियाच्या, म्हणजे वाळक्या ताडपात्यांच्या, झिपऱ्या, डोक्यावर गवती टोपी. दोन संध्याकाळींत होतं आणि आत दोन स्वेटर मावतात. पंख, शेपटी, कवच असलं काही करायचं असेल तर सहा आठवडे धरा. त्याहून कमी वेळात नीट होत नाही.

आता माप. थर्मल घाला, त्यावर त्या रात्री घालणार तोच स्वेटर घाला, आणि मग टेप लावा. सप्टेंबरात घाम येईल, येऊ द्या. छातीच्या मापात वर तीन इंच धरा. मुंढा हात पूर्ण वर करून मोजा, कारण पंख उघडताना सगळा ताण काखेत येतो. दंडाचा घेरही स्वेटरवरूनच घ्या. आणि शिलाईची माया दीड इंच ठेवा. मी ती छाटून अर्धा इंच केली होती, त्यामुळे ऐन वेळी उसवून वाढवायलाही काही उरलं नव्हतं. इथे ३१ तारखेला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पारा बघता बघता दहा अंशांखाली येतो. २०११ साली २९ ऑक्टोबरलाच इतकं बर्फ पडलं की न्यू जर्सीतल्या कित्येक गावांनी मुलांचा दारोदार फिरण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला. न्यूयॉर्कच्या व्हिलेज परेडला, म्हणजे हॅलोविनच्या मिरवणुकीला, जाणार असाल तर आणखी जपा. मुखवटे आणि बाहुल्या घडवणाऱ्या राल्फ ली या कलावंतानं १९७४ मध्ये सुरू केलेल्या या मिरवणुकीत पोशाख घातलेल्या कुणालाही चालता येतं, हे तिचं खरं वैभव. पण चालायला मिळेपर्यंत रस्त्यावर तिष्ठत उभं राहावं लागतं, आणि उभ्या माणसाला थंडी जास्त वाजते. म्हणून पुन्हा सांगते, स्वेटर घालून माप घ्या.

कापडाची खरेदी सप्टेंबरातच. जोॲन या कापड आणि शिवणसामानाच्या साखळीची सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद झाल्यापासून हात लावून, वारावर कापड घेणं अवघड झालंय. ऑनलाइन मागवलंत तर रंग वेगळा निघतो, तेव्हा परत पाठवायला वेळ हातात ठेवा. पंखांना फेल्टच, म्हणजे न विणता दाबून केलेलं कापड, घ्या. त्याच्या कडांचे धागे निघत नाहीत, त्यामुळे एकेका पिसाला दुमड घालत बसावं लागत नाही. पाया म्हणून जुन्या कपड्यांच्या दुकानातून दोन मापं मोठा, जाडसर शर्ट आणा. दोन मापं मोठा. का ते वर सांगितलंय.

पिसं कापण्याचं काम मला मनापासून आवडतं. पुठ्ठ्याचा तीन बाय पाच इंचांचा साचा करा, खडूनं आखा, आणि तीन-चार तपकिरी-करड्या छटा मिसळून कापा. एकाच रंगाचा पंख लांबून सपाट फडक्यासारखा दिसतो. मला दोनशे चाळीस पिसं लागली. लावताना सुरुवात खालच्या कडेपासून करा, कौलं वळचणीपासून वर चढवतात तशी, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीचा टाका झाकते. आधी कच्चा टाका घाला, मग स्वेटरवर अंगात घालून, हात वर-खाली करून बघा, आणि मगच मशीन मारा. हे मी केलं असतं तर चूक तेव्हाच कळली असती.

ग्लू गनवर विसंबू नका. तो डिंक थंडीत कडक होतो आणि ताण आला की सुटतो. चेहऱ्याची सजावट, डोळ्यांची वर्तुळं एवढ्यापुरता ठीक. जिथे वजन किंवा ओढ आहे, म्हणजे खांदा, काख, मनगटाची पट्टी, तिथे दोरा. आणि दुहेरी दोरा.

आगीची भीती खरोखर बाळगा. कोरलेल्या भोपळ्यांतल्या मेणबत्त्या पायऱ्यांवर ठेवलेल्या असतात, म्हणजे लोंबणारं कापड जिथे येतं नेमक्या त्याच उंचीला. जुन्या सिंथेटिक साडीचा झगा करायचा मोह होतो. तो नको. असं कापड वितळून कातडीला चिकटतं, आणि पातळ सुती भरकन पेटतं. लोकरीची जुनी शाल त्या मानानं बरी, ती सहज पेट घेत नाही, शिवाय ऊबही देते. काहीही असलं तरी घेर घोट्याच्या वर. स्वतःच्या दारातल्या भोपळ्यात तरी बॅटरीचा दिवा ठेवा.

मुखवट्यापेक्षा चेहरा रंगवा, म्हणजे बाजूचं दिसतं. रंग आदल्या दिवशी दंडावर लावून बघा, खाज सुटली तर टाकून द्या. अंधारात चमकणारे रंग डोळ्यांजवळ लावू नका. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स कुठूनही उचलून घालू नका. अमेरिकेत २००५ पासून नुसत्या शोभेच्या लेन्सलाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि ते योग्यच आहे, बुबुळाला जखम झाली तर दृष्टी जाऊ शकते.

२५ तारखेच्या आसपास रंगीत तालीम. रात्री, बाहेर, अंगणात, अर्धा तास. आतले गरम कपडे घालूनच. घरात हीटरपाशी घालून बघितलेलं मोजू नका, मी तेच केलं होतं. गाडीत बसा, जिना चढा, पट्टा बांधा, आणि कुणाच्याही मदतीशिवाय बाथरूमला जाऊन या. जमलं नाही तर पाठीवरची चेन काढून पुढे वेलक्रो लावा.

बाकीचं भराभर सांगते. पाठीवर चकाकणारी पट्टी, गाड्यांना दिसायला. बूट रोजचेच. खिसा आतून शिवा, फोन आणि किल्लीसाठी. सेफ्टी पिना दहा, सुईदोरा, टॉर्च. वादळाची बातमी असेल तर गावाची सूचना बघा, २०१२ मध्ये सँडी वादळानंतर न्यू जर्सीत हॅलोविनच ५ नोव्हेंबरवर ढकललं होतं.

३० तारखेच्या रात्री पोशाख हँगरला लावताना थर्मल आणि स्वेटर त्याच हँगरवर, पोशाखाच्या आत चढवून ठेवा. सगळं एकदमच अंगात घाला आणि कोट घरी ठेवून निघा.