स्थिर पदांच्या वाटेने: सीमाभागातील नवख्या विद्यार्थ्यांसाठी

अल्जिब्राइक कॉम्बिनेटोरिक्सकडे (बीजगणिताच्या साधनांनी मोजणीचे प्रश्न सोडवणाऱ्या शाखेकडे) वळू पाहणारे खानापूर-निपाणीकडचे विद्यार्थी मला सर्वांत आधी विचारतात, ते पुढे धारवाडला जावे की कोल्हापूरला. स्थिर पदांच्या, म्हणजे गुणाकारात चल नसलेल्या पदांच्या, नित्यसमानतांपुरते बोलायचे, तर सुरुवातीला त्याने काही अडत नाही. पीयूसीतील (कर्नाटकातील अकरावी-बारावीतील) द्विपद सिद्धान्त पक्का असला की वही उघडता येते. खानापुरात पावसाळ्यात वीज गेली की संगणक बंद पडे, आणि हातानेच गुणाकार करावे लागत; माझा पाया त्यातच घडला.

(१ − क्ष/य) आणि (१ − य/क्ष) यांचा गुणाकार केला, तर दोन्ही चल कटून गेलेले पद, म्हणजेच स्थिर पद, २ येते. पहिल्या अवयवाचा वर्ग घेतल्यास ते ३ होते. या दोन अवयवांचे घातांक अ आणि ब असतील, तर अ + ब वस्तूंतून अ वस्तू निवडण्याचे जितके प्रकार, तितकेच स्थिर पद मिळते. चल कितीही असले तरी असाच मल्टिनोमियल गुणांक (घातांकांच्या बेरजेइतक्या वस्तू त्या-त्या आकाराच्या गटांत वाटण्याच्या प्रकारांची संख्या) येतो, हे अनुमान फ्रीमन डायसन यांनी १९६२ मध्ये मांडले. गन्सन आणि विल्सन यांनी ते लगेच सिद्ध केले. नवख्याने मात्र आय. जे. गुड यांची १९७० ची सिद्धता वाचावी, कारण बी.एस्सी.ला आपण केवळ गुणांसाठी घोकलेले लाग्रांजचे अंतर्वेशन (दिलेल्या बिंदूंतून जाणारी बहुपदी शोधण्याची रीत) तिथे खऱ्या अर्थाने कामाला येते. एकेका घातांकातून १ वजा करून मिळणाऱ्या स्थिर पदांची बेरीज म्हणजेच मूळ स्थिर पद, असे त्यातून निघते, आणि हा तर पास्कलच्या त्रिकोणाचाच नियम.

क्यू-अ‍ॅनालॉगमध्ये, म्हणजे क्यू हा जादा चल घालून केलेल्या आणि क्यू = १ ठेवल्यास मूळ सूत्र परत देणाऱ्या रूपात, क्यू कुठे बसतो, याकडे विशेष लक्ष द्यावे. (१ − क्ष/य)(१ − क्यू·क्ष/य)(१ − य/क्ष) यातील स्थिर पद २ + क्यू येते. शेवटच्या अवयवात य/क्ष ऐवजी क्यू·य/क्ष घेतले की १ + क्यू + क्यू² येते. क्यू = १ ठेवल्यास दोन्हींतून ३ च मिळतात, पण गाउसचा द्विपद गुणांक (द्विपद गुणांकाचे क्यू-रूप) फक्त दुसऱ्यात आहे. जॉर्ज अँड्र्यूज यांनी १९७५ मध्ये मांडलेले हे क्यू-रूप झाइलबर्गर आणि ब्रेसू यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले. कारोयी आणि नॉज यांची २०१४ ची छोटी सिद्धता पुन्हा अंतर्वेशनाकडेच येते, म्हणून गुडनंतर तीच वाचावी, असे माझे मत आहे.

मॅकडोनल्ड यांनी डायसन यांच्या अनुमानाच्या रूट सिस्टिमवर (सममित मांडणीच्या सदिशांच्या संचांवर) केलेल्या विस्ताराकडे लिनिअर अल्जिब्रा आणि ग्रुप थिअरी झाल्याशिवाय जाऊ नये. तोवर तीन चल घेऊन, सर्व घातांक १ ठेवून, प्रत्येक जोडीचे दोन असे सहाही अवयव हाताने गुणावेत: स्थिर पद ६ यायला हवे, आणि क्यू-रूपात (१ + क्यू)(१ + क्यू + क्यू²).