काशीला जायचंय आणि गुडघे दुखतात? मग पायऱ्या मोजून प्लॅन करा

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं नाशिकरोडहून काशीला जाऊन आलो. मी ६६, आमचे हे ७२, यांना दोन्ही गुडघ्यांचा त्रास आणि मला शुगर. मुलं म्हणत होती टूरबरोबर जा, पण टूर म्हणजे पहाटे पाचला बॅगा खोलीबाहेर ठेवा आणि दिवसाला चार चार ठिकाणं करा, ते आम्हाला झेपलं नसतं, म्हणून आमचे आम्हीच गेलो. तेव्हापासून भजनी मंडळातल्या सगळ्याजणी फोन करून विचारतायत की कसं केलंत, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. आम्ही एकच नियम ठेवला होता, ठिकाणं किती होतील ते बघायचं नाही, पायऱ्या किती चढाव्या उतराव्या लागतील ते बघायचं.

आधी तारीख. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं इतकं असतं की गाड्या तासन् तास लेट होतात, आणि थंडीत प्लॅटफॉर्मवर बसून राहणं आपल्या वयाला बरं नाही. उन्हाळा तर नकोच. श्रावण, महाशिवरात्र, देवदिवाळी या दिवसांत गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतरचे दिवस (देवदिवाळीची कार्तिक पौर्णिमा तेवढी सोडून) नाहीतर फेब्रुवारी-मार्च (महाशिवरात्र तेवढी सोडून), हे सगळ्यात बरं.

आता तिकीट, हे नीट वाचा कारण इथेच सगळे चुकतात. रेल्वेत पूर्वी ज्येष्ठांना सवलत होती, पुरुषांना ६० नंतर ४० टक्के आणि बायकांना ५८ नंतर ५० टक्के, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. ती परत मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं, पेन्शनवर जगणाऱ्याला तेवढ्यानं खूप फरक पडतो. पण लोअर बर्थचा कोटा मात्र अजून आहे. पुरुष ६० च्या वर आणि बाई ४५ च्या वर असेल तर बुकिंग करताना कोट्यात 'लोअर बर्थ / सीनियर सिटिझन' निवडायचं. अट अशी की एका तिकिटावर एकटे किंवा दोघंच हवेत आणि दोघंही त्या वयात बसणारे हवेत. मुलानं प्रेमानं स्वतःचं आणि आईबाबांचं एकत्र तिकीट काढलं की कोटा गेला, मग बाबा वरच्या बर्थवर आणि रात्रभर सगळ्यांची झोप उडालेली. त्यामुळे तुमचं दोघांचं वेगळं काढा आणि मुलाचं वेगळं, डबा वेगळा आला तरी चालेल. त्या कोट्यात एका डब्यात जागा फार थोड्या असतात, स्लीपरला सहा-सात, थ्री एसीला चार-पाच, टू एसीला तीन-चार. म्हणून ६० दिवस आधी बुकिंग उघडतं त्याच दिवशी सकाळी काढून टाका. तत्काळच्या भरवशावर राहू नका, तिथे हा कोटा नसतो.

परवडत असेल तर टू एसी घ्या असं मी म्हणेन. एसीसाठी नाही, मधला बर्थ नसतो म्हणून. थ्री एसीत मधला बर्थ उघडला की खाली मान वाकवून बसावं लागतं, ज्याला मणक्याचा त्रास आहे त्याला विचारा. लोअर बर्थ नाहीच मिळाला तर गाडीत चढल्यावर टीसींना भेटा, कोणी आलं नसेल तर रिकामा लोअर बर्थ ते ज्येष्ठांना देऊ शकतात.

गाडीही विचार करून निवडा. आम्ही महानगरी घेतली, ती मुंबईहून नाशिकरोडमार्गे जाते आणि वाराणसीलाच संपते. शेवटचं स्टेशन असलं की उतरायची घाई नाही, सगळे उतरल्यावर आपण सावकाश उतरायचं, आणि येताना गाडी तिथूनच सुटते त्यामुळे चढायलाही निवांत. खरी परीक्षा नाशिकरोडला, थांबा जेमतेम काही मिनिटांचा. आपला डबा कुठे येणार ते आधी विचारून तिथेच बसून राहा. सामान कुलीकडे द्या, पैसे आधी ठरवा, तिथे काटकसर नको. आम्ही असं केलं की आधी कुली बॅगा घेऊन चढला, मग मी, आणि हे शेवटी दोन्ही हातांनी दांडे धरून. चढताना यांच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं, काठीसुद्धा मी घेतली होती. चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, हे फिजिओथेरपीवाल्या मुलीनं शिकवलेलं आणि ते प्रत्येक पायरीला उपयोगी पडतं. जिन्याऐवजी लिफ्ट शोधा, सरकत्या जिन्यावर सामान घेऊन अजिबात चढू नका.

औषधं मी रोजची वेगळी पाकिटं करून नेली. लग्नाच्या आहेराची जुनी पाकिटं घेतली आणि वर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मंगळवार सकाळ, नाश्त्यानंतर', 'मंगळवार रात्र'. दोन दिवसांची जास्तीची ठेवा, गाडी लेट होतेच. ही पिशवी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो कायम अंगाजवळ, मोठ्या बॅगेत नाही. शुगरवाल्यांनी पर्समध्ये साखरेची पुडी नाहीतर राजगिऱ्याचा लाडू ठेवाच, जेवण उशिरा आलं तर उपयोगी. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, कृपा करून असं करू नका, त्यानं चक्कर येते. बीपीची लघवी होणारी गोळी असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारा. आणि सलग बसून राहू नका, दर दीड-दोन तासांनी डब्यात एक फेरी मारा, पावलं वरखाली हलवा, पोटऱ्यांमध्ये रक्त साकळायला नको. रात्री संडासला जाताना टॉर्च आणि घट्ट चप्पल, स्लिपर घसरतात. गाडीत तब्येत बिघडली तर रेल्वेच्या १३९ ला फोन करा, नंबर आधीच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

हॉटेलच्या बाबतीत आम्ही फसलो ते सांगते. फोनवर विचारलं लिफ्ट आहे का, म्हणाले आहे. जाऊन बघतो तर रस्त्यापासून लिफ्टपर्यंतच अकरा पायऱ्या आणि कठडा नाही, हे तिथेच खाली बसले. म्हणून आता मी असं विचारते, 'रिक्षातून उतरल्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती?' आणि पुढे, कमोड आहे का, बाथरूमला उंबरठा आहे का, दारापर्यंत ई-रिक्षा येते का. गल्लीतल्या जागा स्वस्त असतात पण तिथे गाडी पोचत नाही. खोलीचा आणि बाथरूमचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या, देतात.

काशीत दिवसाला एकच मोठं काम ठेवा, दुपारी दोन तास झोप. विश्वनाथाचं सुगम दर्शनाचं तिकीट मिळतं ते काढा, रांग बरीच वाचते. सोमवार टाळा. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. आत्ताचं देऊळ आपल्या अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास बांधलेलं, तिथे उभं राहिल्यावर हे काही बोललेच नाहीत, नुसते हात जोडून उभे होते.

घाटांचं एक कुणी सांगत नाही. पावसाळा सरून पाणी उतरलं की खाली जायला पायऱ्या वाढतात, आणि त्या उंच आहेत. दशाश्वमेध घाटाला तर गोदौलिया चौकापासून पुढे गर्दीतून चालावं लागतं, म्हणून संध्याकाळच्या आरतीला तासभर आधी जाऊन वरतीच बसा. आम्हाला अस्सी घाट जास्त मानवला. पहाटे तिथे 'सुबह-ए-बनारस' असतं, आरती, मग गाणं, गर्दी कमी. नावेत बसायचं तर नावाड्याला म्हणा हात धर आणि लाइफ जॅकेट दे, संकोच करू नका. गंगेत बुडी मारलीच पाहिजे असं नाही, यांनी तिसऱ्या पायरीवर बसून तांब्यानं पाणी घेतलं आणि अर्घ्य दिलं.

एवढ्या लांब जायची हिंमत नसेल तर आधी जवळचं करून बघा. वणीला सप्तशृंगीला ट्रॉली आहे, रायगडावर रोपवे आहे. एसटीत ७५ च्या पुढे मोफत आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना तर कुठल्याही वयात अर्धं, फक्त महाराष्ट्राच्या हद्दीत, आधार कार्ड जवळ ठेवा. अशा दोन दिवसांच्या फेरीत आपल्याला काय झेपतं ते कळतं.

परत आल्यावर लगेच मावंदं (यात्रेहून आल्यावरचं जेवण) ठेवू नका, लोक आग्रह करतील. आम्ही दहा दिवसांनी घातलं. तोपर्यंत यांच्या पायांची सूज उतरली होती आणि मलाही पुरणाला उभं राहता आलं. गंगेच्या सीलबंद लोट्या वाटायला मोजक्याच आणा, भरलेल्या फार जड होतात, आम्ही आठच आणल्या आणि बाकीच्यांना एकाच लोटीतलं पाणी पळीनं दिलं.