पाचट पसरलं, तरी झाडं का सुकतात? मल्चिंगमधल्या या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या घरात जातो आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं. इथं घरच्या वाफ्याला आच्छादन, म्हणजे मल्चिंग, नसेल, तर सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जातं. म्हणून हौसेनं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, आणून पसरणारे खूप आहेत आणि थोड्याच दिवसांत ‘काही फरक पडला नाही’ म्हणून ते गोळा करून टाकणारेही तितकेच. पाचट चांगलंच असतं. चूक होते ती पसरण्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोरड्या मातीवर आच्छादन घालणं. आच्छादन मातीतली ओल धरून ठेवतं, पण मुळात ओल असायला हवी. आपली काळी माती वाळली की भेगाळते. त्यावर चार बोटं पाचट टाकून वरून झारीनं पाणी शिंपडलं, तर ते पाणी पाचटच पिऊन टाकतं. वरून सगळं ओलं दिसतं, म्हणून आपणही निश्चिंत राहतो. शंका आली तर पाचट बाजूला सारा आणि मातीत बोट पूर्ण खुपसून बघा. वरचा पापुद्रा दमट आणि खाली ढेकूळ कोरडं ठणठणीत लागलं, तर झाड का माना टाकतंय ते कळेल. आधी भेगा खुरप्यानं मोडा, वाफा दोनदा सावकाश भिजवा आणि दुसऱ्या दिवशी पाचट पसरा. ठिबकची नळी असेल तर ती आच्छादनाच्या खाली घ्या. नळी नसेल तर पाणी देताना पाचट हातानं थोडं सारून मुळाशी द्या. रोज थोडंथोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पोटभर दिलेलं पाणी झाडाच्या कामी येतं.

दुसरी चूक दिसायला किरकोळ, पण झाड घालवणारी: बुंध्याला टेकवून ढीग लावणं. बुंध्याभोवती निदान दोन-तीन इंच जागा मोकळी हवी. सतत दमट राहिली की साल मऊ पडते, नखानं खरवडली तर सहज सुटते आणि आत तपकिरी दिसतं. वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या बुंध्याशी पांढरे धागे आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती खोडकुजीची बुरशी समजा. ते झाड आजूबाजूच्या मातीसकट काढा आणि कंपोस्टच्या खड्ड्यात चुकूनही टाकू नका. मात्र पाचटाच्या खालच्या थरात, झाडापासून लांब, नुसती पांढरी जाळी दिसली तर घाबरायचं कारण नाही. तिथं पाचट कुजतंय, म्हणजे तुमचं काम बरोबर चाललंय.

थर किती? भाजीच्या वाफ्यात दोन-तीन इंच पुरे. त्याहून जाड थरातून हलका पाऊस खाली उतरतच नाही. त्याहून पातळ ठेवलात, तर ऊन मातीपर्यंत पोचतं आणि हरळी डोकं वर काढते. लव्हाळ्याला तर आच्छादनानं अडवता येत नाही. तो आधी गाठीसकट खणून काढा. मेथी-कोथिंबीर पेरली असेल तर उगवण होईपर्यंत आच्छादन नको. रोपं चार बोटं उंच झाली की ओळींमध्ये घाला.

कशाचं आच्छादन घालता हेही बघा. उसाचं पाचट, कडुलिंबाचा वाळलेला पाला, भुईमुगाची टरफलं, जनावरांनी गव्हाणीत टाकून दिलेली ज्वारीची धाटं, हे सगळं आपल्याकडे सहज मिळतं. धाटं अख्खी न टाकता कुट्टी करून टाका. खोडकुजीची ती बुरशी भुईमुगावरही येते, म्हणून टरफलं कडक उन्हात चांगली तापवून घ्या. बी धरलेलं गाजरगवत वाफ्यात आणूच नका. सुतारकामाचा भुसा टाकायचाच तर मातीवर पातळ पसरा, मातीत कालवू नका. कालवला की तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र वापरून टाकतात आणि झाडाची खालची पानं पिवळी पडायला लागतात. तसं झालंच असेल, तर एक तांब्या गोमूत्र दहा तांबे पाण्यात मिसळून ओल्या मातीत द्या. शोभेसाठी पांढरी खडी पसरण्याची टूम आहे. सोलापुरात, निदान भाजीच्या वाफ्यात, ती नकोच. दिवसभर तापलेली खडी रात्रीही मुळांशी उष्णता सोडत राहते. मल्चिंग पेपर, म्हणजे आच्छादनासाठीचा प्लॅस्टिकचा कागद, घालायचा तर चंदेरी बाजू वर ठेवा.

वाळवीच्या भीतीनं काहीजण आच्छादनच टाळतात. सुक्या लाकडी काटक्या आणि घराच्या भिंतीला लागून केलेले ढीग टाळलेत, तर बहुतेक त्रास वाचतो. भिंतीपासून हातभर जागा सोडा आणि पाचट पसरण्याआधी मातीत थोडी निंबोळी पेंड मिसळा.

बरेच जण विसरतात ती गोष्ट म्हणजे पावसाळा. उन्हाळ्यातला थर सप्टेंबरमध्ये तसाच ठेवायचा नसतो. आपल्याकडे बहुतेक वर्षी सगळ्यात जास्त पाऊस याच महिन्यात पडतो आणि काळ्या मातीतून पाणी लवकर निचरत नाही. वर जाड आच्छादन असेल तर मुळं गुदमरतात, गोगलगाई आणि पैसा किडे खाली घर करतात. पाऊस लागून राहिला की थर विरळ करा, निम्मं पाचट ओढून वाफ्याच्या कडेला ठेवा. उघडीप मिळाली आणि माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली झाली, की तेच पाचट परत पसरा. खाली जे काळंभोर, भुसभुशीत होऊन राहिलं असेल ते उचलू नका. त्यावरच नवा थर घाला.