स्पीकिंगमधला माझा ‘सिन्स’

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, स्पीकिंगमध्ये (म्हणजे बोलण्याच्या चाचणीत) पहिल्यांदा नऊपैकी ६ बँड (गुण) आला. क्लासमधून ‘हॅड आय नोन’सारखी भारदस्त वाक्यं घोकून गेलो होतो. ती आठवता आठवता मध्येच गप्प व्हायचो. व्याकरणाला चारपैकी एका निकषाचं वजन, पण त्या नादात बोलण्याच्या ओघाचेही गुण गेले.

मग मोबाईलवर स्वतःलाच रेकॉर्ड केलं. एक मिनिट तयारी, दोन मिनिटं बोलणं, अगदी या चाचणीच्या दुसऱ्या भागासारखं. ऐकताना लाज वाटली! ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’. म्हणजे ‘पाच वर्षांपासून राहतोय’चं सरळ इंग्रजी. हवं होतं ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण येतो, ‘फॉर’नंतर कालावधी. शाळेत हे पाठ होतं, तोंडात नव्हतं.

आठवड्याला एकच चूक धरली. भाजी चिरताना नोकरी, घर, गाडी, सगळ्यांवर तेच वाक्य फिरवायचो. (बायको वैतागली, तो भाग वेगळा.) घोकलेली वाक्यं सोडली; ‘आय हॅव’चं ‘आय’व्ह’ आपोआप व्हायला लागलं. परीक्षेत एकदा ‘ही गो’ म्हणालो, लगेच ‘ही वेंट’ केलं आणि पुढे गेलो. यावेळी ७.