झुडपाची छाटणी वरून नको, बुंध्यातून करा

कोल्हापुरात बंगल्यांच्या कंपाउंडला लावलेली तगर, जास्वंद, कामिनी, एक्झोरा ही झाडं बहुतेक ठिकाणी मोठ्या कात्रीने वरून सपाट कापलेली दिसतात. काही वर्षं असंच चाललं की बाहेर पानांचा पातळ थर उरतो आणि आत नुसत्या काटक्या. मेंदीचं कुंपण राखायचं असेल तर ती कात्री खुशाल चालवा. फुलझाडाला मात्र धारदार सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची हातकात्री, आणि जाड फांदीसाठी घडीची करवत, एवढंच लागतं.

आधी वेळ बघा. जास्वंद, तगर, मोगरा नव्या फुटव्यावर फुलतात. थंडी ओसरत असताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, त्यांची छाटणी उरका. एप्रिल-मेमध्ये फांद्या काढल्या की आतली कोवळी साल उन्हाने भाजते. जुलैत तर आपल्याकडे पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही, कापलेली जागा वाळायच्या आत कुजायला लागते. अनंताचं वेगळं आहे: त्याचा बहर संपला की लगेच हलका हात फिरवा, उशीर केलात तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापाल.

सुरुवात वाळक्या आणि रोगट फांद्यांनी. शंका आली तर नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. रोगट फांदी कापल्यावर सिकेटर स्पिरिटने पुसून घ्या. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढा.

आता खरं काम. मला हातात वळण यायला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, कारण जो तो 'वरून हातभर मारा' एवढंच सांगत होता. तो सल्ला ऐकू नका. फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या अंकुरांना, दाबून ठेवत असतो. तो मधेच उडवला की खालचे चार-पाच डोळे एकदम फुटतात आणि तिथे खराट्यासारखा झुपका तयार होतो. झुडूप लहान होण्याऐवजी वर दाट होतं, आत ऊन-वारा जात नाही आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही कीड ठाण मांडते.

म्हणून खाली बसा आणि बुंध्याकडे बघा. सगळ्यात जुनी, जाड, खरबरीत सालीची खोडं शोधा आणि ती जमिनीलगत कापा. एका वर्षी एकूण खोडांच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. बुंध्यातून येणारे नवे धुमारे त्यांची जागा घेतील. तीन वर्षांत अख्खं झुडूप नवं होतं आणि एकदाही बोडकं दिसत नाही.

उंची कमी करायची तर लांब फांदी धरा, बोटं आत सरकवत बाहेरच्या बाजूला वळलेल्या उपफांदीपर्यंत या आणि तिच्या जरा वर कापा. ती उपफांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. बारीक काडीवर सोडलंत तर पुन्हा झुपकाच येणार. पूर्ण फांदी काढताना खुंट ठेवू नका, पण खोडाला घासूनही कापू नका. फांदीच्या मुळाशी फुगीर कडं असतं, जखम तिथूनच भरते. ते शाबूत राहिलंच पाहिजे. दर चार कापांनंतर मागे जाऊन झुडपाकडे बघा. कुठे कापलंय ते ओळखू आलं नाही, तर हात बरोबर चाललाय.

जाड कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन-चार झाडांसाठी त्याच प्रमाणात थोडीच कालवा, आणि लोखंडी भांड्यात नको. मग आळ्यात शेणखत आणि पाणी.

कण्हेर छाटली असेल तर हात साबणाने धुवा. तिचा पाला सुकल्यावरही विषारी राहतो, धूरही घातक असतो. तेव्हा तो जाळू नका, आणि जिथे म्हशी चरायला येतात अशा मोकळ्या जागेत तर मुळीच टाकू नका. खड्ड्यात पुरा.